नोव्हेल्लारा : दुधाच्या मागावर पाच दिवस

उत्तर इटलीत, रेज्जो एमिलिया शहरापासून साधारण १८ किलोमीटरवर, पो नदीच्या सपाट खोऱ्यात नोव्हेल्लारा हे तेरा-चौदा हजार वस्तीचं शेतकरी गाव आहे. रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिसच्या सहलीत ते कुणी घालत नाही. डोंगर नाही, समुद्र नाही, जगप्रसिद्ध चर्च नाही. पण शेतीत, गुराढोरांत, खाण्यापिण्यात ज्यांना मनापासून रस आहे, त्यांना इथले पाच दिवस कमी पडतात.

इथे फिरताना एक क्रम डोक्यात ठेवावा. ही जमीन साडेचारशे वर्षांपूर्वी बरीचशी दलदल होती. आधी पाणी काढलं, मग लसूणघास आला, घासावर गाई आल्या, दुधाचं पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे जगभर 'पार्मेझान' म्हणून ओळखलं जाणारं चीज झालं, आणि गेल्या चाळीसेक वर्षांत गोठ्यात धार काढायला पंजाबातली माणसं आली. भुईकोट, कालवे, चीजचे कारखाने आणि गुरुद्वारा हे सगळं या एकाच साखळीत बसतं. म्हणून खालचा आराखडा ठिकाणांच्या प्रसिद्धीनुसार न करता दुधाच्या मागावर केला आहे.

यायचं कधी? एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर जातो, हवा दमट असते आणि डास त्रास देतात. त्यातच १५ ऑगस्टच्या आसपास निम्मं गाव सुट्टीवर असतं. त्या दिवसांत एक गोष्ट मात्र उत्तम मिळते, ती म्हणजे कलिंगडं. नोव्हेल्लाराच्या पट्ट्यातलं कलिंगड 'आंगुरिया रेज्जाना' या नावाने युरोपीय संघाच्या भौगोलिक नामांकनात आहे, आणि शेताच्या कडेला मांडव घालून ते कापून विकतात. नोव्हेंबर ते जानेवारी धुकं इतकं दाट असतं की नदीच्या बांधावरून नदी दिसत नाही. तेव्हा सायकलचा बेत करू नये.

दिवस पहिला : पोहोचणं आणि गाव

मिलानहून जलद गाडी रेज्जो एमिलियाच्या 'मेदिओपादाना' स्थानकावर पाऊण तासात येते. पांढऱ्या लोखंडी लाटांसारखं दिसणारं हे स्थानक वास्तुरचनाकार सान्तियागो कालात्रावा यांचं, २०१३ साली सुरू झालेलं. शहराच्या मध्यातलं जुनं स्थानक वेगळं. बोलोन्याहून साध्या गाडीने आलात तर त्या जुन्या स्थानकावर उतराल. नोव्हेल्लाराची छोटी गाडी रेज्जो-ग्वास्ताल्ला मार्गावर धावते आणि दोन्ही ठिकाणी थांबते, त्यामुळे मेदिओपादानाला उतरलेल्यांनी शहरात जायची गरज नाही. अर्ध्या तासाच्या आसपास प्रवास होतो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली वेळापत्रकाची. गाडीच्या वेळेपुढे 'फेरियाले' असं लिहिलं असेल तर ती फक्त कामाच्या दिवशी धावते आणि 'फेस्तिव्हो' म्हणजे रविवारी व सणाला. हा शब्द न बघता रविवारी फलाटावर उभे राहिलात तर दोन-दोन तास जातात. दुसरी चूक तिकिटाची. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा असतो. तिकीट विकत घेतलेलं असूनही शिक्का नसेल तर दंड होतो, आणि 'ठाऊक नव्हतं' हे कारण चालत नाही.

गावात पाय ठेवल्यावर आधी 'रोक्का' पाहावा. आपल्याकडचा भुईकोट डोळ्यांसमोर आणा: सपाटीवरचा, विटांचा, चौरस, पूर्वी भोवती खंदक असलेला. मांतोव्हाच्या गोंझागा घराण्याची एक शाखा १३७१ साली रेज्जो शहर मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याला विकून इथे स्थिरावली, आणि १७२८ साली वंश खुंटेपर्यंत तिने हा चिमुकला मुलूख सांभाळला. साडेतीनशे वर्षं एका छोट्या गावाला स्वतःचं राज्य होतं, हे चौकात उभं राहिलं की पटतं. कमानींच्या सलग पडव्या, मोजूनमापून आखलेले रस्ते, गावाच्या मानाने फारच मोठा चौक. या रचनेत लेलिओ ओर्सी या सोळाव्या शतकातल्या इथल्याच चित्रकाराचा मोठा हात होता. तो १५८७ साली वारला.

भुईकोटात आज नगरपालिका आहे, गोंझागा संग्रहालय आहे आणि एकोणिसाव्या शतकातलं एक देखणं नाट्यगृह आहे. संग्रहालयातल्या जुन्या औषधशाळेच्या रंगीत चिनीमातीच्या बरण्या चुकवू नयेत. नाट्यगृह एरवी बंद असतं. ते दाखवतील का, हे संग्रहालयात शिरतानाच विचारावं. अशा लहान संग्रहालयांचे दिवस आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. निघण्याआधी नगरपालिकेच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं आणि बेत शनिवार-रविवार धरून करावा.

दुपारी साडेबारा ते साडेतीन दुकानं बंद असतात. जेवण दुपारी साडेबारा ते दोन आणि रात्री साडेसातनंतरच मिळतं. तीन वाजता भूक लागली तर बारमध्ये थंड सँडविचशिवाय काही नाही.

शाकाहारी वाचकांसाठी इथे थोडं थांबायला हवं, कारण या भागात मांस दिसत नाही तिथेही असतं. 'एर्बात्सोने' ही पालक आणि चार्ड या पालेभाज्या भरलेली चपटी पेस्ट्री दिसायला अगदी आपल्या पालेभाजीच्या पराठ्यासारखी, पण तिच्यात बहुधा डुकराची चरबी असते. 'न्योक्को फ्रित्तो' म्हणजे पुरीसारखी फुगलेली तळलेली पोळी. परंपरेने तीही 'स्त्रुत्तो'त, म्हणजे डुकराच्या चरबीत तळतात. 'इन ब्रोदो' असं लिहिलेला कुठलाही पदार्थ मांसाच्या रश्श्यात येतो. चालणारे पदार्थ दोन: 'तोर्तेल्ली वेर्दी', ज्यात चार्ड किंवा पालक आणि रिकोत्ता नावाचं मऊ चीज यांचं सारण असतं, आणि 'तोर्तेल्ली दी झुक्का', ज्यात लाल भोपळा असतो. दोन्हींच्या पारीत अंडं असतं. त्यावर लोणी घालतात की मांसाचा सॉस, हे आधी विचारावं. वाढप्याला नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणू नका. 'सेन्झा कार्ने, सेन्झा स्त्रुत्तो, सेन्झा ब्रोदो' (मांस नको, चरबी नको, रस्सा नको) असं सांगितलं की नेमकं कळतं. आणि इथल्या चीजचाच एक मोठा प्रश्न आहे, तो उद्या. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात. ते टेबलाचे आणि पावाचे असतात, फसवणूक नव्हे.

दिवस दुसरा : सकाळी चीज, दुपारी व्हिनेगर

पार्मिजानो रेज्जानो कुठेही करता येत नाही. पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे पूर्ण जिल्हे, बोलोन्याचा रेनो नदीच्या पश्चिमेचा भाग आणि मांतोव्हाचा पोच्या दक्षिणेचा भाग, एवढ्याच मुलखातल्या दुधाचं आणि इथेच केलेलं चीज हे नाव लावू शकतं. नोव्हेल्लारा या पट्ट्याच्या मधोमध आहे. चीजच्या कारखान्याला 'कासेइफीचो' म्हणतात. गावाभोवती असे अनेक आहेत, बरेचसे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचे. ज्यांनी आपल्याकडची सहकारी दूध डेअरी जवळून पाहिली आहे, त्यांना कारभाराची पद्धत लगेच ओळखीची वाटेल.

भेट आधी ठरवावी लागते. चार-पाच दिवस आधी ईमेल करावा आणि सकाळी आठ-साडेआठला दारात हजर व्हावं. दिवसातून एकदाच, सकाळी, चीज होतं. दहा वाजता गेलात तर रिकामी भांडी आणि धुतलेली फरशी दिसेल. बूट बंद आणि न घसरणारे घाला, कारण जमीन कायम ओली असते. वाफेमुळे चष्मा आणि कॅमेऱ्याची काच धुरकटते. पाच मिनिटं आत थांबूनच कॅमेरा काढावा.

आता काम कसं चालतं ते. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ, लांबट भांड्यांत ठेवतात. साय वर येते, ती काढून लोणी करतात. खालचं कमी सायीचं दूध सकाळच्या पूर्ण दुधात मिसळून तांब्याच्या मोठ्या कढयांत सोडतात. कढईचा आकार उलट्या घंटेसारखा असतो. एका कढईतल्या दुधाची चीजची दोन चाकं, म्हणजे चाकासारखे दोन गोल गठ्ठे, होतात, एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध. दूध कच्चंच वापरतात, पाश्चराइझ करत नाहीत. त्यात कालच्या चीजची आंबवलेली निवळी विरजण म्हणून घालतात आणि मग वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट. दहा-बारा मिनिटांत दूध घट्ट होतं.

पुढची पायरी कौशल्याची. 'स्पीनो' नावाच्या, तारांच्या पिंजऱ्यासारख्या अवजाराने तो चक्का तांदळाच्या कणीएवढा बारीक फोडतात. कणी एकसारखी नसेल तर मोठ्या दाण्यात पाणी अडकतं आणि पुढे दीड-दोन वर्षांनी त्या जागी चीज बिघडतं. म्हणून मुख्य कारागीर सारखा हात बुडवून कणी बोटांनी चोळून बघत असतो. यंत्रं आली तरी हे बोटांचं काम उरलंच आहे. मग ५५ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. कण्या तळाशी बसून एकजीव होतात. सुमारे ५० मिनिटांनी लाकडी फळीने तो गोळा सैल करून दोन कारागीर तागाच्या कापडात उचलतात आणि सुरीने दोन तुकडे करतात. या जोडीला ते 'जुळी' म्हणतात. हा क्षण गाठण्यासाठीच लवकर यायचं.

साच्यात घातल्यावर वर केसीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची, चकती बसवतात. त्यावरचा क्रमांक त्या एका चाकाचा जन्मदाखला असतो. कडेला ठिपक्यांनी नाव, महिना आणि कारखान्याचा क्रमांक उमटतो. दोन-तीन दिवसांनी चाक मिठाच्या पाण्यात जातं. १८-२० दिवस मीठ हळूहळू आत शिरतं. नंतर फळ्यांवर किमान १२ महिने. कोठारात हजारो चाकं छतापर्यंत रचलेली असतात, आणि यंत्र त्यांना फिरवत, पुसत असतं. बारा महिन्यांनी तपासनीस लहान हातोडीने प्रत्येक चाक ठोकतो. एकसारखा आवाज आला तर आत भरीव. पोकळ आवाज म्हणजे आत भेग किंवा वायू. उत्तीर्ण चाकाला तापलेल्या लोखंडाचा शिक्का. किरकोळ दोष असेल तर कडेवर आडव्या रेघा पाडून ते दुसऱ्या प्रतीचं ठरवतात. मोठा दोष असेल तर नावाचे ठिपकेच खरवडून टाकतात.

वायू का होतो, हे आपल्या दूध उत्पादकांनी लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे. मूरघासात, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात, क्लोस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंचे बीजाणू वाढतात. ते शेणातून आचळाला लागून दुधात येतात, ५५ अंशांना मरत नाहीत आणि कित्येक महिन्यांनी चीजच्या पोटात वायू करून ते फोडतात. म्हणून या चीजसाठी दूध देणाऱ्या गाईंना मूरघास पूर्ण बंद आहे, आणि वैरणीच्या कोरड्या भागापैकी किमान निम्मा भाग सुका चारा हवा. शेतांत मैलोगणती लसूणघास दिसतो त्याचं कारण हेच. शेजारच्या प्रदेशातल्या ग्राना पादानो या चीजला मूरघास चालतो, म्हणून त्यात अंड्यापासून काढलेलं, या जिवाणूंना रोखणारं लायसोझाइम घालतात.

आता तो शाकाहाराचा प्रश्न. रेनेट वासराचंच असलं पाहिजे, असा नियम आहे. 'शाकाहारी पार्मिजानो' असं काही नसतं. त्याच कढईतल्या निवळीपासून होणारी रिकोत्तासुद्धा कडक शाकाहारींनी टाळावी. ज्यांना हे चालत नाही त्यांनी वेष्टनावर 'काल्यो व्हेजेताले' (वनस्पतिजन्य रेनेट) लिहिलेली दुसरी चीजं शोधावीत. ज्यांना चालतं त्यांनी मात्र १२, २४ आणि ३६ महिन्यांचे तुकडे एकामागोमाग खावेत. बाराचा दुधाळ आणि मऊ, चोविसाचा सुक्या मेव्यासारखा, छत्तिसाचा कोरडा, भुगा होणारा, दातांखाली पांढरे स्फटिक कुरकुरणारा. लाल रंगाच्या जुन्या 'रेज्जाना' गाईच्या दुधाचं चीज मिळालं तर तेच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत. ही जात १९८०च्या दशकात हजाराहूनही कमी उरली होती. चीजला वेगळा भाव मिळाला म्हणून ती वाचली. देशी गोवंश टिकवायच्या चर्चा आपल्याकडे इतक्या होतात, हे उदाहरण त्यात यायला हवं.

नेण्याबाबत: भारतात उतरताना कस्टमच्या फॉर्मवर दुग्धजन्य पदार्थांबद्दल विचारतात, तेव्हा पाच किलोचा तुकडा बांधून घेण्याच्या फंदात पडू नका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनीही जपावं. युरोपीय संघातून स्वतःसाठी चीज आणायला तिथे एप्रिल २०२५ पासून बंदी घातली गेली आहे.

दुपारी व्हिनेगर. बाजारात स्वस्तात मिळणारं 'बाल्सामिक' आणि रेज्जोचं 'त्रादित्सिओनाले' यांचा नावापुरताच संबंध आहे. स्वस्त प्रकारात द्राक्षाचा आटवलेला रस आणि वाईनचं व्हिनेगर मिसळतात आणि ६० दिवसांत ते विक्रीला तयार होतं. पारंपरिक प्रकारात फक्त द्राक्षाचा रस. तो उघड्या भांड्यात मंद आचेवर निम्म्यावर किंवा त्याहून खाली आटवतात. गुऱ्हाळात काकवी होताना पाहिली असेल तर तोच रंग आणि तसाच दाटपणा. मग माळ्यावर, उतरत्या आकाराच्या पिंपांच्या रांगेत किमान १२ वर्षं. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशी वेगवेगळ्या लाकडांची पिंपं असतात आणि प्रत्येक लाकूड आपला वास देतं. माळाच का? उन्हाळ्यात कौलांखाली तापलं की पाणी उडतं आणि आंबण्याची क्रिया चालते, हिवाळ्यात गारठलं की गाळ खाली बसून रस नितळ होतो. तळघरात हे होणार नाही. दर वर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडंसंच काढतात, ती तूट त्याच्या वरच्या पिंपातून भरतात, असं करत मोठ्या पिंपात नवा रस जातो. म्हणून एका बाटलीत अनेक वर्षांचा रस मिसळलेला असतो.

रेज्जोच्या बाटल्यांवर तीन रंगांच्या पट्ट्या असतात: नारिंगी-लाल, चंदेरी आणि सोनेरी. हे रंग चव पारखणाऱ्यांच्या गुणांवरून ठरतात. सोनेरीसाठी किमान २५ वर्षं लागतात. हे शिजवण्यात घालू नये, सगळा सुगंध उडून जातो. चीजच्या तुकड्यावर, स्ट्रॉबेरीवर किंवा साध्या व्हॅनिला आइस्क्रीमवर चार थेंब पुरतात. बाटली नेमकी १०० मिलिलिटरची असल्यामुळे विमानाच्या हातसामानात चालते. तरी काच आहे, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकणं बरं.

दिवस तिसरा : पोचा बांध, ग्वास्ताल्ला ते ब्रेशेल्लो

आज पाणी. छोटी गाडी नोव्हेल्लाराहून शेवटच्या स्थानकाला, ग्वास्ताल्लाला सोडते. सायकल बरोबर घेणार असाल तर तिचं वेगळं तिकीट काढा. पाय दणकट असतील तर १३-१४ किलोमीटरचा सपाट रस्ता सायकलनेच करावा.

ग्वास्ताल्ला हेही एका गोंझागा शाखेचं. फेर्रान्ते गोंझागाने १५३९ साली ते विकत घेतलं. त्याचा लेओने लेओनी याने घडवलेला कांस्यपुतळा चौकात आहे. तासाभरात पाहून होतं. मग बांधावर चढावं.

'आर्जिने माएस्त्रो', म्हणजे पोचा मुख्य बांध, ही या मुलखातली सर्वांत महत्त्वाची वास्तू आहे, कुठल्याही राजवाड्याहून. त्याच्या माथ्यावरून रस्ता जातो. एका बाजूला 'गोलेना', म्हणजे पुराचं पाणी पसरायला राखलेला पट्टा, जिथे प्लायवूडसाठी पॉप्लर सरळ रांगांत लावलेले असतात. दुसऱ्या बाजूला शेतं आणि घरं. पूर असताना या बाजूच्या घरांची छपरं नदीच्या पातळीला येतात, हे बांधावर उभं राहून डोळ्यांनी मोजता येतं. डिसेंबर २०१७ मध्ये पोला मिळणाऱ्या एन्झा नदीचा बांध फुटून ब्रेशेल्लोचं लेंतिजोने हे खेडं पाण्याखाली गेलं. बांधांची देखभाल हा इथे दर वर्षीचा जिवंत विषय आहे.

मराठी माणसाला या बांधांवरून आणखी एक गोष्ट समजते. इथून शे-सव्वाशे किलोमीटर आग्नेयेला, याच एमिलिया-रोमान्या प्रांतात, सेनिओ नदी आहे. तिचे असेच, पण फार उभे, सुमारे ३५ फुटी बांध होते आणि जर्मन सैन्याने त्यांत मशीनगनची ठाणी खोदली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतले, नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून, पाण्यातून आणि बांधावरून पाठीवर वाहून आणलं, परत जाऊन तीन मशीनगन ठाणी मोडली आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नकाशावर ती नदी बारीक रेघ दिसते. बांधाची चढण एकदा पायाखालून गेली की त्या संध्याकाळचं मोल कळतं.

ग्वास्ताल्लाहून तीन-चार किलोमीटरवर ग्वाल्तिएरी. आजचा सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पिआत्सा बेंतिव्होल्यो हा जवळपास शंभर मीटर बाजूचा चौरस, तीन बाजूंनी कमानी आणि चौथ्या बाजूला राजवाडा. १६०० सालच्या आसपास जोव्हान बात्तिस्ता आलेओत्ती याने तो आखला. आलेओत्ती वास्तुरचनाकार तर होताच, पण पाण्याचा अभियंताही होता. हा पैसा आला कुठून? दलदल आटवून मिळालेल्या शेतजमिनीतून. बेंतिव्होल्यो घराण्याने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते काम हाती घेतलं. अडचण अशी की सखल शेतांचं पाणी काढायला वाट नव्हती, कारण मध्ये क्रोस्तोलो नदी आडवी येते आणि तिचं पात्र शेतांपेक्षा वर आहे. उपाय म्हणून १५७६ साली नदीच्या खालून विटांचा बोगदा काढून कालवा पलीकडे नेला. त्याला 'बोत्ते बेंतिव्होल्यो' म्हणतात. गावाबाहेर तो आजही बघता येतो. वरून नदी, खालून कालवा. कुणी पाटी लावून गर्दी जमवलेली नाही, पण या सहलीतलं हे आमच्या मते पहिल्या क्रमांकाचं ठिकाण.

राजवाड्यात आंतोनिओ लिगाबुए (१८९९-१९६५) या चित्रकाराचं संग्रहालय आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, तिथून हाकललेला, पोच्या झाडीत झोपडीत राहून बांधावर मजुरी करणारा हा माणूस वाघ, कोंबडे आणि स्वतःचे चेहरे विलक्षण ताकदीने रंगवत असे.

पुढे बोरेत्तो. इथल्या पंपांनी पोचं पाणी उचलून उन्हाळ्यात शेतांना देतात. पाणी काढायची व्यवस्था आणि पाणी आणायची व्यवस्था एकाच कालव्यांच्या जाळ्यात गुंफलेली आहे. चपटा छोटा 'बोरेत्ताना' कांदा याच गावाच्या नावाचा. व्हिनेगरमध्ये मुरवलेला हा कांदा बरणीत मिळतो.

शेवटी ब्रेशेल्लो. चौकात पाद्री आणि कम्युनिस्ट महापौर यांचे समोरासमोर पुतळे आहेत, १९५०च्या दशकातल्या एका लाडक्या चित्रपटमालिकेतले. इटालियन पर्यटक त्यांच्यासाठीच येतात. तासभर पुरतो. ग्वास्ताल्लापासून इथवर बांधावरून साधारण १५ किलोमीटर होतात. परतीला पार्मा-सुझ्झारा मार्गावरची गाडी 'ब्रेशेल्लो-व्हिआदाना' स्थानकावरून ग्वास्ताल्लाला नेते, तिथून गाडी बदलून नोव्हेल्लारा. बांधावर सावली अजिबात नाही आणि पिण्याचं पाणी फक्त गावांत. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि सायकलला जादा ट्यूब व पंप एवढं हवंच.

दिवस चौथा : रविवार, गुरुद्वारा आणि 'व्हाल्ली'

गावाच्या औद्योगिक भागात गुरुद्वारा सिंग सभा आहे. ऑक्टोबर २००० मध्ये त्याचं उद्घाटन रोमानो प्रोदी यांच्या हस्ते झालं. ते तेव्हा युरोपीय आयोगाचे अध्यक्ष होते. युरोपातल्या मोठ्या गुरुद्वारांमध्ये याची गणना होते. ज्यांनी नांदेडचं हुजूर साहिब पाहिलं आहे त्यांना रीत सांगायला नको: डोकं झाकायचं, पादत्राणं बाहेर, हातपाय धुऊन आत. तंबाखू, सिगारेट, दारू खिशातसुद्धा नको. रविवारी सकाळी गेलात तर दरबार आणि लंगर दोन्ही मिळतात. लंगरचं जेवण शाकाहारी असतं. चार दिवस पारी, रस्सा आणि चरबी यांची चौकशी करून थकलेल्यांना वरण, भाजी, पोळीचं ताट समोर आल्यावर काय वाटतं ते सांगायला नको. वाढायला किंवा भांडी घासायला हात लावलात तर आनंदाने घेतात.

हे लोक इथे आले गोठ्यामुळे. गाईची धार दिवसातून दोनदा, पहाटे आणि दुपारी, वर्षाचे ३६५ दिवस. १९८०च्या दशकापासून इटालियन तरुण या कामातून बाहेर पडू लागले. नाताळची सुट्टी नाही, रविवार नाही. पंजाबातल्या शेतकरी घरांतून आलेल्या माणसांना गुरं ठाऊक होती, आणि गोठ्याच्या कामाबरोबर बहुधा राहायला घरही मिळायचं. घर मिळालं म्हणून कुटुंबं आली, मुलं इथल्या शाळांत गेली. काल-परवा पाहिलेल्या चीजमागे ही पहाटेची माणसं आहेत, हे इथल्या दुकानांच्या पाट्यांवर कुठे लिहिलेलं नसतं. ते समजून घ्यायची जागा म्हणजे लंगरची पंगत. एप्रिलमध्ये आलात तर बैसाखीचा नगरकीर्तन सोहळा गावातून निघतो. त्याची तारीख आधी विचारून घ्या, कारण तो दर वेळी १३-१४ एप्रिललाच असेल असं नाही.

दुपारी गावाच्या उत्तरेची 'व्हाल्ली'. नकाशावर हा शब्द वाचून दरी शोधू नका. इथे त्याचा अर्थ पाणथळ, सखल जमीन. कालवे, शेतं, बगळे, करकोचे आणि संध्याकाळचं लांबवर पसरलेलं आभाळ. दलदल पूर्वी कशी असेल याचा अंदाज देणारे तुकडे इथे राखले आहेत. सायकल उत्तम. पावसानंतर मातीचे रस्ते इतके चिकट होतात की चाक फिरत नाही. तेव्हा डांबरी रस्ताच धरावा.

दिवस पाचवा : चेर्व्ही भावांचं शेत

परतीच्या दिवशी सकाळ मोकळी असेल तर पश्चिमेला, गात्तातिको गावाजवळ, चेर्व्ही कुटुंबाच्या घराचं संग्रहालय पाहावं. इथे मोटार किंवा टॅक्सी हवीच.

सात भाऊ आणि त्यांचे वडील आल्चीदे १९३४ साली खंडकरी म्हणून या शेतावर आले. जमीन उंचसखल होती, पाणी कुठे साचे, कुठे पोहोचत नसे. भावांनी वाचून, शिकून ती समतल केली. शेजाऱ्यांना तेव्हा हा वेडेपणा वाटला. पण पाणी सारखं पसरलं, चारा वाढला, गोठा वाढला. १९३९ साली त्यांनी ट्रॅक्टर घेतला आणि त्याच्याबरोबर पृथ्वीचा एक गोल घरी आणला. फॅसिस्ट राजवटीविरुद्ध ते उभे राहिले, युद्धकैदेतून निसटलेल्या परदेशी सैनिकांना त्यांनी घरात आसरा दिला. २८ डिसेंबर १९४३ रोजी सातही भावांना रेज्जो एमिलियात गोळ्या घातल्या. ट्रॅक्टर आणि तो गोल संग्रहालयात आहेत. गोठा, अवजारं, स्वयंपाकघर पाहायला दीड तास लागतो. सोमवारी अनेक इटालियन संग्रहालयं बंद असतात, तेव्हा वार आधी तपासा.

परतताना एन्झा नदीच्या बाजूने या. रस्त्याकडेला 'प्राती स्ताबिली' दिसतील, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नांगर न लागलेली, पाटाच्या पाण्याने भिजवलेली गवताची कुरणं. एका कुरणात कित्येक प्रकारचं गवत आणि फुलं असतात. मेमध्ये पहिली कापणी होते. गवत कापून दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात, आणि त्याच दिवसांत पाऊस आला तर चाऱ्याचा कस जातो. म्हणून मे महिन्यात ढग दाटून आले की सगळी ट्रॅक्टरं एकदम रस्त्यावर येतात. त्या दिवशी मेदिओपादानाला पोहोचायला नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त धरावा.